बाबूजी बोलेनासे झाले ते दिवस

बायकोच्या नोकरीचा आदेश आला त्या दिवशी आमच्याकडे धानाची कापणी सुरू होती. ती बांधावर बसून कापणीच्या बायकांसाठी चहा गाळत होती आणि ओच्यातला मोबाईल वाजला. तिने वाचलं. परत एकदा वाचलं. मग गाळणी तशीच हातात धरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आला."

मंत्रालयात सहायक कक्ष अधिकारी. मुंबई.

पलीकडच्या बांधीत, धानाच्या खाचरात, माझे वडील कापत होते. आम्ही त्यांना बाबूजी म्हणतो, बायको मामाजी. काम थांबलेलं दिसलं तसे ते विळा घेऊनच आले.

"काय झालं गा?"

मी सांगितलं.

"मुंबईले?"

"हाव."

"बरं झालं," असं म्हणून ते परत गेले आणि खाली वाकून कापायला लागले. मला वाटलं, यांना काहीच वाटलं नाही. पण दुपारी भाकरी सोडताना त्यांनी एकेका बाईला वेगवेगळं, जणू दुसरीने ऐकलंच नसावं असं, सांगितलं, "आमची सून मंत्रालयात लागली."

आमचं गाव सालेकशाहून दरेकशाकडे जाताना लागतं. एका अंगाला डोंगर आणि जंगल, दुसऱ्या अंगाला धान, आणि मधून रेल्वे. घरी बाबूजी, माय, मी, बायको आणि आमची सहा वर्षांची पोरगी. माझी थोडी शेती आणि सालेकशाच्या बाजारात चुलतभावासोबत खत-बियाण्याचं दुकान. बायको लग्नानंतरही शिकत राहिली. मध्ये काही महिने तर पोरीला आमच्याजवळ ठेवून पुण्याला अभ्यासाला राहून आली. एवढा अभ्यास करून ती एक दिवस निघून जाईल, ही साधी गोष्ट मात्र आम्ही कोणी नीट मनात आणली नव्हती. पास व्हावं एवढंच सगळ्यांना पाहिजे होतं.

बातमी पसरली तशी माणसं यायला लागली. शेजारचा एक म्हातारा रोज सकाळी अंगणात येऊन बसायचा. त्याला नाल्यावर पूल पाहिजे होता.

"मंत्र्याले एवढंच सांगजो बाई, का पावसात आमाले तिकडे जाता येत नाही."

"काकाजी, मी मंत्र्याला दिसणारसुद्धा नाही," बायको म्हणाली.

"दिसशीन कशी नाही? एकाच घरात बसता ना तुम्ही?"

मंत्रालय म्हणजे मंत्र्याचं घर, अशी त्याची पक्की समजूत होती. बायकोने दोन-तीनदा समजावून पाहिलं. शेवटी म्हणाली, "दिसले तर सांगते." तेवढ्यावर तो खूश होऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आठवण करून द्यायला परत आला.

सुरुवातीला ती म्हणत होती, मी एकटीच जाते, तुम्ही इकडचं पाहा, पोरीला पुढच्या वर्षी नेऊ. मी हो-नाही काहीच म्हणत नव्हतो. पानठेल्यावर मला वेगळंच ऐकावं लागत होतं. "तू जाऊन काय करशीन गा तिकडे? भात शिजवशीन?" मी हसायचो. भात शिजवायची मला लाज नव्हती. मला झोंबत होतं ते वेगळंच. पुढच्या वर्षी या बांध्यांमध्ये रोपांसाठी पऱ्हे कोण टाकेल, रोवणीला चिखलात कोण उतरेल, हे डोळ्यांसमोर यायचं आणि त्या चित्रात मी नसायचो.

बाबूजींनी तो प्रश्न एका वाक्यात संपवला. जेवताना म्हणाले, "घरवाली तिकडे, पोट्टी इकडे, तू दुकानात. हे काय घर झालं काय? जाय तिच्यासंगं."

"आणि शेती?"

"शेतीले काय झालं? तू नव्हता तवाही होतीच."

मायने त्यांच्या ताटात भात वाढला, जरा जास्तच वाढला.

मग तयारी सुरू झाली. बॅगा घ्यायला आम्ही गोंदियाला गेलो. दुकानदार ओळखीचा निघाला. "अब तो भैया मंत्रालयवाले हो गये, बड़ा सूटकेस लो," म्हणत त्याने सगळ्यात मोठी बॅग पुढे केली. ती घरी आणली तर पोरगी तिच्यात आरामात मावत होती, आणि दिवसातून दहादा मावून दाखवत होती. मायने कोहळं किसून, उडदाची डाळ वाटून वड्या घालायला घेतल्या. छपरीवर, खाटेवर, सुपात, जिथे ऊन पडेल तिथे वड्या. बायको म्हणाली, "आत्याबाई, मुंबईत सगळं मिळतं." माय म्हणाली, "मिळत असन. ह्या कुठं मिळतीन?" आणि घालत राहिली.

बायकोची तयारी मात्र दुसरीच होती. संध्याकाळी ती पोरीला पाटी घेऊन बसवायची. मुंबईच्या शाळेत जायचं म्हणून अक्षर, पाढे, आणि त्याहून जास्त म्हणजे बोलणं.

"आई, मी खेळून राहिली."

"खेळून राहिली नाही. खेळत आहे."

"काऊन?"

"काऊन नाही. का, म्हणायचं."

"का?"

"तिकडे सगळे असंच बोलतात."

"तिकडे काऊन असंच बोलतात?"

आम्ही सगळे हसलो. बाबूजी अंगणात दोर वळत बसले होते, तेही हसले. पोरीला वाटलं आपण काहीतरी मोठं बोललो, ती आणखी फुलली आणि म्हणाली, "आबाजी तर राहिलो, राहिलो म्हणतात."

"आबाजींचं राहू दे," बायको म्हणाली. "तू तसं बोलू नको. तिकडची मुलं हसतील."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. ती पाटीवरून मान वर न करता बोलली होती. बाबूजींनी दोराला एक पीळ दिला, दुसरा दिला, आणि वळत राहिले.

त्यानंतर ते पोरीशी बोलेनासे झाले.

आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही. रोज सकाळी ते तिला घेऊन शेताकडे जायचे. पोरगी चालायला लागली तेव्हापासूनचा हा नेम. बाबूजी तसे कमी बोलणारे. माझ्याशी तर कामापुरतंच. पण तिच्यासोबत तोंड थांबायचं नाही. ही बांधी कोणाची, तो बगळा काय पाहून राहिला, ती मालगाडी कुठून आली, तिच्यात काय भरलं असेल. लांबून पाहिलं की एक उंच आणि एक बुटकी आकृती हातवारे करत बांधावरून जाताना दिसायची. आता ती दोघं जायची, पण गुपचूप. तिने विचारलं तर ते मान हलवायचे, बोट दाखवायचे, पाण्याची बाटली पुढे करायचे. पोरीला पहिल्यांदा तो खेळ वाटला. तीही मुकी झाली, घरीही खुणा करायला लागली. दोन-चार दिवसांत मात्र तिला करमेनासं झालं.

"आबाजी माझ्यावर रागावले काय?" तिने मला विचारलं.

मायनेही विचारलं. "बुढा काऊन मुका झाला? दात दुखते काय त्याचा, पाय बरं."

मी शेतात गेलो. धान उचलून झालं होतं आणि ओलीत पेरलेलं लाखोरीचं कडधान्य कोवळं वर आलं होतं. बाबूजी एका फुटलेल्या बांधाला फावड्याने माती लावत होते. मी थोडा वेळ उभा राहिलो. आम्हा दोघांना असं समोरासमोर काही विचारायची सवय नव्हती.

"बाबूजी, पोरीसोबत काऊन बोलत नाही तुम्ही?"

"बोलाचं काय आहे?"

"ती विचारून राहिली. तिला वाटते तुम्ही रागावले."

त्यांनी फावडं टेकवलं. "रागावलो नाही. माह्या तोंडातलं तिच्या तोंडात जाते. सूनबाई रोज संध्याकाळी पुसते अन् मी सकाळी परत लावून देतो. कायले तिची मेहनत वाया घालवू?"

"म्हणून बोलायचंच नाही?"

"मग काय करू? मले दुसरं कोणतं बोलता येते?"

हे ते चिडून बोलले असते तर मला उत्तर देता आलं असतं. ते अगदी सहज बोलले, बी कमी पडलं म्हणून एक बांधी पडीक ठेवली असं सांगावं तसं. वर म्हणाले, "तिले हासले तर पोट्टी शाळेत जाणार नाही. लहान आहे ते." आणि माती लावायला लागले. मीही दुसरं फावडं घेतलं. तो बांध आम्ही दोघांनी मिळून नीट केला.

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. ती साड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी मांडीवर ठेवून बसून राहिली. मग तिने मला पुण्याचं सांगितलं, जे इतक्या दिवसांत सांगितलं नव्हतं. तिच्या खोलीत चार मुली होत्या. ती 'मी क्लासले जाऊन राहिली' म्हणाली की एक मुलगी विचारायची, "नक्की काय? जातेस की राहतेस?" आणि बाकीच्या हसायच्या. रोज हसायच्या. दुष्ट नव्हत्या त्या, डबा वाटून खायच्या, ती आजारी पडली तर औषध आणून द्यायच्या. पण हसायच्या.

"मीही हसायची त्यांच्यासोबत," ती म्हणाली. "मग हळूहळू बोलणंच सोडलं. चहावाल्याला पैसे देतानाही आधी वाक्य मनात म्हणून पाहायची. पोरीवर ती पाळी नको, एवढंच मला पाहिजे होतं."

त्या संध्याकाळी पाटी निघाली नाही.

निघायच्या आधी तिच्या आईला भेटायला म्हणून आम्ही तिच्या माहेरी गेलो. तिचं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाखाली आहे, तलावाच्या पाण्यावर धान करणारं गाव. दुपारी सासूबाई, बायको, पोरगी आणि मी तलावाच्या बांधावर, पाळीवर, जाऊन बसलो. थंडीचे दिवस, पाणी भरलेलं. पोरगी खाली काठाशी खडे टाकत होती. सासूबाई शेंगा सोलून लेकीच्या हातावर ठेवत होत्या आणि ती खात नव्हती, मुठीत धरून बसली होती.

"मले नाही जायचं व माय," ती एकदम म्हणाली.

सासूबाईंचे हात थांबले.

"मी कायले एवढी शिकली? इथं सारं आहे माह्यं. मामाजी, आत्याबाई, तू. तिथं कोन आहे मले? सारं सुटून राहिलं, अन् मीच सोडून राहिली."

ती रडत होती. कित्येक वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. पुण्याहून आल्यापासून ती घरातही जपूनच बोलायची. काठावरून पोरगी वळली. आईचं रडणं तिला तिथून दिसलं नसावं, शब्द तेवढे ऐकू आले. तिथूनच ओरडली, "आई! राहिली नाही म्हणायचं! सोडत आहे म्हणायचं!"

सासूबाई हसायला लागल्या. "घे. तुही मास्तरीन आली." बायको रडता रडता हसायला लागली, हसता हसता परत रडली, आणि पोरगी पाळ चढून वर आली तशी तिला पोटाशी धरून बराच वेळ बसली.

"जाय मुकाट्यानं," सासूबाई म्हणाल्या. "गावभर पेढे वाटले म्या. आता घरोघरी जाऊन परत मागू काय?"

परतीच्या वाटेवर बायको मोटारसायकलवर मागे बसली होती. मी आरशात पाहिलं, ती दोन्ही बाजूंच्या शेतांकडे पाहत होती. एका बाजूचं संपलं की दुसऱ्या बाजूचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजींना चहा द्यायला ती स्वतः गेली. एरवी तो माय द्यायची.

"मामाजी, पोरीशी बोलत जा."

"बोलतो ना."

"तसं नाही. पहिल्यासारखं बोला तिले."

'तिले' म्हणाली ती. बाबूजींनी चहाचा घोट घेतला, तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. पण सवय अशी एका सांगण्याने सुटत नाही. थोड्या वेळाने पोरगी दात घासत अंगणात आली तेव्हा ते खाटेवर सरळ होऊन बसले, घसा खाकरला आणि म्हणाले, "बाळ, तू काय करत आहेस? तुला पाणी पाहिजे का?"

एकेक शब्द त्यांनी असा टाकला, जणू नाल्यातल्या दगडांवर पाय ठेवत पलीकडे जाऊन राहिले आहेत. पोरीच्या तोंडातला फेस उडाला. हसत हसत ती खालीच बसली. "आबाजी, तुम्ही रेडिओवानी काऊन बोलून राहिले?"

चुलीपाशी बायकोने तोंडाला पदर लावला. कोणीही पोरीला सुधारलं नाही.

"मग कसा बोलू व?" बाबूजी म्हणाले.

"जसे बोलता तसे."

त्यानंतर निघेपर्यंतचे जे थोडे दिवस उरले होते त्यात बाबूजींनी किती बोलावं! सकाळी निघायचे ते ऊन चढेपर्यंत यायचे नाहीत. मी काही ना काही निमित्त काढून मागे मागे चालायचो. कोणत्या बांधीत त्यांच्या आजोबांनी दगड फोडून माती भरली. दरेकशाच्या बोगद्यातून गाडी बाहेर यायची तेव्हा आवाज आधी यायचा की धूर. त्यांच्या लहानपणी जंगलात मोहफुलं वेचायला गेले आणि अस्वलाला पाहून टोपली टाकून पळाले, ती टोपली दुसऱ्या दिवशी तशीच भरलेली सापडली. त्यातलं कितीतरी मी पहिल्यांदाच ऐकत होतो. माझ्या लहानपणी त्यांना कामातून एवढी सवड नव्हती, आणि मी मोठा झाल्यावर आम्हा दोघांनाही असं बोलायचा संकोच होता. पोरगी पुढे, ते मध्ये, मी मागे. आवाज थोडा चढवूनच बोलत होते ते, मागच्याला ऐकू जावं एवढा. निदान मला तसं वाटलं.

निघालो त्या दिवशी सालेकशाहून गोंदियापर्यंत पॅसेंजर आणि पुढे मुंबईची गाडी असं होतं. बाबूजी आणि माय सालेकशाच्या स्टेशनवर आले. गाडी थांबते ती नावापुरती. सामान चढवण्यातच सगळा वेळ गेला. मायच्या वड्यांचा डबा शेवटी खिडकीतून आत घ्यावा लागला. बाबूजींनी पोरीला उचलून डब्यात ठेवलं. ती दारातून ओरडली, "आबाजी, येजो!" "हाव, हाव," म्हणत ते मागे सरकले. गाडी हलली तेव्हा त्यांनी पाठ फिरवली होती आणि ते चालायला लागले होते. माय मात्र फलाटाच्या टोकापर्यंत आली.

मुंबईत आता आम्ही रुळलो आहोत. बायकोची फाईल आणि टिप्पणीची भाषा मला घरात ऐकू येते, कधी कधी ती पोरीलाही "सविस्तर सांग" म्हणते. मी सकाळी घर सांभाळतो, भात शिजवतो, दुपारून एका रोपवाटिकेत कामाला जातो. पोरीची बोली बदलायला पाटी लागलीच नाही. शाळेत कोणी हसलं की नाही मला माहीत नाही. काही महिन्यांतच ती 'येतेय', 'जातेय' करू लागली, जसा चपलेचा नंबर बदलतो तसं. फोनवर बाबूजी तिच्याशी अजूनही पोटभर बोलतात. ती उत्तर देते तेव्हा पलीकडून कधी कधी हळूच ऐकू येतं, "काय म्हणते व ती?" आणि माय त्यांना सांगते.

मला मात्र इथे दिवसचे दिवस कोणी "काऊन गा" म्हणत नाही. रोपवाटिकेत कुंड्यांमध्ये माती भरतो, तिला वास असतो, पण तो आमच्या मातीचा नाही. कापणीच्या दिवसांत सकाळी उठल्यावर हात शिवशिवतात. दुकानातला तांदूळ मुठीत घेऊन पाहतो आणि परत पोत्यात टाकतो.

आम्ही आलो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात अधिवेशनासाठी मंत्रालयाचा निम्मा पसारा नागपूरला गेला. बायकोलाही जावं लागलं. पोरीची शाळा होती, म्हणून मी आणि ती मुंबईतच राहिलो. गोंदियाची गाडी नागपूरहून काही तासांत पोहोचते. पण तिला सुट्टीच्या दिवशीही निघता येईना, रोज अधिवेशनातल्या प्रश्नांच्या उत्तरांच्या फाईली. तिने गावी फोन करून सांगितलं, एवढ्या जवळ आली आणि येता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबूजी नागपुरात हजर. कोणाला न सांगता पहाटेच्या गाडीने निघाले होते. विचारत विचारत विधानभवनाच्या रस्त्यापर्यंत आले. पोलिसांनी पुढे सोडलं नाही, तर तिथेच कठड्याजवळ उभे राहिले आणि तिला फोन केला. ती जेवणाच्या सुट्टीत धावत बाहेर आली. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल तशीच. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"जेवली काय?"

"नाही मामाजी."

"मग जेव पहिले."

रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या दोघांनी तर्री-पोहे खाल्ले. काय बोलले, मी तिला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, खास काही नाही. धान बरं झालं. म्हैस व्यायली. शेजारचा म्हातारा पुलाचं विचारून राहिला. तिची सुट्टी संपली तेव्हा ते म्हणाले, "पायलं तुले. जातो आता," आणि रस्ता ओलांडून गेले.

हे ती मला संध्याकाळी फोनवर सांगत होती. मी गॅलरीत उभा होतो, आत पोरगी गृहपाठ करत होती. मला, खरं सांगायचं तर, तिचा हेवा वाटला. मग मी मायला फोन लावला.

"आला काय बुढा?" मी मायच्याच शब्दांत विचारलं.

"आला," माय म्हणाली. "पाय धुवून राहिला."